नगरसेवकपदाचा राजीनामा : आधी तारीख, मग पत्र, मग पत्रकार

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात चार सदस्यांच्या प्रभागातून जानेवारी २०२६ मध्ये निवडून आलेल्या एका ताईंना मुदत संपण्याआधीच नगरसेवकपद सोडायचं आहे. पक्षात जमत नाही आणि दुसऱ्या पक्षाचं बोलावणं आहे. उमेदवारी देतानाच शहर शाखेने त्यांच्याकडून बिनतारखेच्या राजीनाम्यावर सही घेऊन ठेवली आहे. ताईंचं जनसंपर्क कार्यालय सांभाळणाऱ्या कार्यकर्त्याने विचारलं आहे की राजीनामा कोणाला द्यायचा, दिल्यावर मागे घेता येतो का, पक्षांतरबंदीतून सुटका होते का, आणि अर्धवट कामांचं काय होतं.

राजीनामा द्यावा की नाही, हा ताईंचा निर्णय आहे आणि त्यात मी पडत नाही. मात्र द्यायचंच ठरलं असेल तर क्रम सांभाळा. बहुतेक जण आधी भाषण करतात, मग पत्रकारांना बोलावतात, मग पक्षाला पत्र देतात आणि महापालिकेत कागद द्यायचं शेवटी आठवतं. घोळ होतो तो या उलट्या क्रमामुळे.

कागद कोणाच्या टेबलावर

ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिका महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ खाली चालतात. या कायद्यात सदस्याने राजीनामा द्यायचा तो महापालिका आयुक्तांना, लेखी. महापौरांना दिलेला, गटनेत्याकडे सोपवलेला, शहरप्रमुखांच्या हातात ठेवलेला किंवा टेंभी नाक्यावर साहेबांच्या पायाशी ठेवलेला कागद हा राजीनामा नव्हे. ती पक्षातली नाराजी झाली. वर्तमानपत्रात ‘नगरसेवकांचे सामूहिक राजीनामे’ असा मथळा येतो आणि दोन दिवसांनी तेच नगरसेवक महासभेत बसलेले दिसतात, त्याचं कारण हेच. कागद आयुक्त कार्यालयात गेलेलाच नसतो.

आणखी एक गल्लत नेहमी होते. नवी मुंबई महापालिकेची मुदत मे २०२० मध्ये आणि ठाण्याची मार्च २०२२ मध्ये संपली. तिथून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत दोन्हीकडे प्रशासक होते. त्या काळात ज्यांनी ‘राजीनामे’ दिले त्यांच्याकडे सोडायला नगरसेवकपदच नव्हतं, त्यांनी पक्षाची पदं सोडली. म्हणून त्या वेळी अमक्याने असं केलं आणि काही झालं नाही, हा दाखला आज उपयोगाचा नाही.

मंजुरीची वाट बघू नका, कारण मंजुरीच नाही

या उत्तरातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे. आमदार किंवा खासदाराचा राजीनामा अध्यक्षांनी स्वीकारावा लागतो. नगरसेवकाच्या बाबतीत हा टप्पा नाही. लेखी सूचना आयुक्तांना मिळाली की जागा रिकामी झाली. आयुक्तांनी त्यावर ‘मंजूर’ असा शेरा मारायची गरज नाही आणि ‘पुनर्विचार करा’ म्हणून ते पत्र राखून ठेवण्याचीही सोय नाही. म्हणजेच सकाळी साडेअकराला आवक शिक्का पडला आणि दुपारी दोनला साहेबांचा फोन येऊन दिलजमाई झाली, तरी गाडी निघून गेलेली असते. मागे घेण्याचं पत्र देता येईल, पण रिकाम्या झालेल्या जागेवर ते पत्र देणारी व्यक्ती तेव्हा सदस्य राहिलेली नसते.

लोकांना वाटतं की सात दिवस हातात असतात. हा समज ग्रामपंचायतीवरून आला आहे. आपल्याच जिल्ह्यात शहापूर-मुरबाडकडे ग्रामपंचायत सदस्य सरपंचाला राजीनामा देतो, सरपंच पंचायत समितीच्या सभापतीला देतो. तो कागद ग्रामपंचायतीच्या पुढच्या बैठकीत ठेवला जातो आणि तिथून सात दिवसांत ‘ही सही माझी नाही’ किंवा ‘हा राजीनामा खरा नाही’ असा वाद जिल्हाधिकाऱ्यांकडे नेता येतो. वाद नसेल तर ते सात दिवस उलटल्यावर राजीनामा लागू होतो. गावाकडच्या कायद्यात ही उसंत मुद्दाम ठेवलेली आहे. महापालिकेच्या कायद्यात ती नाही.

पुढची तारीख टाकून राजीनामा द्यावा का? ‘३० तारखेपासून माझा राजीनामा समजावा’ अशी पत्रं दिली जातात. पुढच्या तारखेचा राजीनामा त्या तारखेआधी मागे घेता येतो, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये गोपालचंद्र मिश्रा प्रकरणात मान्य केलं होतं. पण तो राजीनामा अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचा होता आणि राज्यघटनेतल्या वेगळ्या तरतुदीखाली होता. महापालिकेच्या कायद्यात सूचना दिली की जागा रिकामी होते, त्यामुळे पुढची तारीख टाकून तुम्ही फक्त एक वाद विकत घेता. तारीख आजचीच टाका. आज द्यायचा नसेल तर आज पत्र लिहूच नका.

अटीचा राजीनामा तर त्याहून वाईट. ‘दिवा परिसराला आठ दिवसांत पाणी न आल्यास हाच माझा राजीनामा समजावा’ हे वाक्य सभेत टाळ्या घेतं, पण कागदावर त्याचा अर्थ कोणीही कसाही लावू शकतो. निषेध करायचा असेल तर सभात्याग आहे, उपोषण आहे, विषय समितीचं सदस्यत्व सोडणं आहे. सदस्यपदाच्या राजीनाम्याला धमकी म्हणून वापरू नका.

बिनतारखेच्या सहीचं काय

ताईंच्या बाबतीत पहिलं काम हे आहे, राजीनामा लिहिणं नंतर.

अशी पत्रं घेण्याची पद्धत जुनी आहे. महापौरपद अडीच वर्षांचं, त्यात दोघांना बसवायचं तर ‘सव्वा-सव्वा वर्ष’ ठरतं आणि पहिल्याने पद सोडावं म्हणून आधीच सही घेतली जाते. स्वीकृत, म्हणजे निवडणुकीतून न येता पक्षांच्या संख्याबळावर नेमल्या जाणाऱ्या, नगरसेवकांच्या बाबतीतही एकेक वर्ष वाटून देण्यासाठी हेच केलं जातं. आता ती सवय निवडून आलेल्या सदस्यांपर्यंत आली आहे. राजीनामा स्वेच्छेचा हवा, देण्याच्या क्षणी देणाऱ्याची तशी इच्छा हवी, हे मूळ तत्त्व आहे. सहा महिन्यांपूर्वी सही करून दुसऱ्याच्या कपाटात ठेवलेला कागद त्या कसोटीवर लंगडा आहे. पण लंगडा कागदही आवक टेबलावर पोचला आणि त्यावर शिक्का पडला तर तो लंगडा आहे हे सिद्ध करायला मुंबई उच्च न्यायालयापर्यंत जावं लागतं, आणि तोवर तुम्ही सभागृहाबाहेर असता.

म्हणून आजच आयुक्तांना एक साधं पत्र द्या आणि त्याची प्रत महापालिका सचिवांना. मजकूर एवढाच : माझ्या सहीचं, तारीख नसलेलं एक पत्र अन्य व्यक्तींच्या ताब्यात आहे, मी स्वतः आपल्या कार्यालयात हजर राहून दिलेल्या पत्राखेरीज कोणताही कागद माझा राजीनामा समजू नये. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि वेळ घ्या. हे पत्र देताच पक्षाला वास लागणार, हे गृहीत धरा. ते टाळायचं असेल तर हे पत्र आणि खरा राजीनामा यांच्यात फार दिवस जाऊ देऊ नका. आणि पक्षाने ते जुनं पत्र आधीच दिलंय असं कळलं, तर त्याच दिवशी ताईंनी स्वतः जाऊन लेखी हरकत द्यायची, सोबत प्रतिज्ञापत्र जोडायचं. दोन दिवसांनी दिलेली हरकत ‘नंतर सुचलेली’ ठरते.

पत्र कसं असावं

छोटं. इतकं छोटं की वाद घालायला जागाच उरू नये.

‘प्रति, मा. आयुक्त, ठाणे महानगरपालिका, महापालिका भवन, पाचपाखाडी, ठाणे. विषय : सदस्यपदाचा राजीनामा, प्रभाग क्रमांक अमुक, जागा ब. महोदय, मी वरील प्रभागातील वरील जागेवरून निवडून आलेली सदस्य आहे. मी स्वेच्छेने, कोणाच्याही दबावाखाली न येता, आज दिनांक अमुक रोजी ठाणे महानगरपालिकेच्या सदस्यपदाचा राजीनामा देत आहे.’ खाली सही, पूर्ण नाव, पत्ता.

संपलं. कारणं नकोत, कोणाचे आभार नकोत, कोणावर आरोप तर नकोतच. कारणं लिहिली की प्रतिपक्षाचा वकील त्यातून ‘नाइलाजाने’, ‘घुसमट’, ‘अन्याय’ असे शब्द काढून राजीनामा स्वेच्छेचा नव्हता असं म्हणू शकतो, किंवा उलट त्याच पत्रातून तुम्ही पक्ष आधीच सोडला होता असंही दाखवू शकतो. लोकसभेच्या नियमांतही राजीनाम्याचा नमुना एका वाक्याचा आहे, आणि सदस्याने त्यात कारणं घातली तर अध्यक्ष तो भाग सभागृहात वाचून न दाखवता वगळू शकतात. मनातलं सगळं पत्रकार परिषदेसाठी ठेवा.

प्रभाग क्रमांकासोबत जागेचं अक्षर, म्हणजे अ, ब, क किंवा ड, लिहायला विसरू नका. चार सदस्यांच्या प्रभागात रिक्त जागा कोणती, तिचं आरक्षण कोणतं, हे त्या अक्षरावरूनच ठरतं. सही मराठीत करत असाल तर मराठीतच करा. सभेच्या हजेरीपटावर जशी सही असते तशीच इथे हवी, कारण शंका आली तर तिथलीच सही ताडून पाहतात.

सामूहिक राजीनामे असले तर प्रत्येकाचं पत्र वेगळं. वीस सह्यांचं एक निवेदन हे निवेदनच राहतं.

देताना

ताईंनी स्वतः जायचं. हे पुन्हा सांगतो, कारण महिलांसाठी निम्म्या जागा राखीव झाल्यापासून पतिराज किंवा दीर लखोटा घेऊन आले आहेत, हे चित्र नवीन राहिलेलं नाही. सही ताईंची आणि हात दुसऱ्याचा, असं झालं की राजीनामा दिला कोणी, हा प्रश्न उभा राहतो. चांगला अधिकारी अशा वेळी सदस्याला स्वतः बोलावतो, पण त्यावर विसंबू नका. टपालाने, मेलने, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो काढून पाठवू नका.

दोन प्रती, ओळखपत्र आणि निवडून आल्याच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स सोबत ठेवा. शक्य असेल तर आयुक्तांच्या हाती द्या. ते मंत्रालयात गेले असतील तर त्यांच्या कार्यालयाच्या आवक टेबलावर द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का घ्या. शिक्क्यावर तारीख असते, वेळ बहुधा नसते. ती हाताने लिहून त्यावर आद्याक्षरी घ्या. पुढे पक्षांतराचा वाद झाला तर हीच वेळ कामाला येते. सचिव कार्यालयाला प्रत द्या, म्हणजे पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेसोबत नोटीस चुकून घरी येणार नाही आणि हजेरीपटावरचं नाव निघेल. नवी मुंबईत सगळं असंच, फक्त पत्ता बेलापूर सेक्टर १५-अ मधल्या मुख्यालयाचा. तुर्भे किंवा घणसोलीच्या विभाग कार्यालयात, ठाण्यात प्रभाग समितीच्या कार्यालयात दिलेला कागद आयुक्तांपर्यंत कधी पोचेल ते त्या टपालाच्या पिशवीलाच माहीत. तिथे देऊ नका.

पदाचा राजीनामा आणि सदस्यत्वाचा राजीनामा यांत फरक आहे. महापौर, उपमहापौर, स्थायी समितीचं सभापतिपद किंवा सदस्यत्व सोडलं तरी नगरसेवकपद राहतं. नगरसेवकपद सोडलं की बाकी सगळं त्यासोबत जातं. ताई एखाद्या समितीवर असतील तर त्या पदाचं वेगळं पत्र देण्याची गरज नाही, उलट दोन पत्रांत दोन तारखा पडून गोंधळ होतो.

पक्षांतरबंदी : एका तासाचा फरक

आमदार-खासदारांच्या पक्षांतरबंदीचं राज्यघटनेतलं दहावं परिशिष्ट नगरसेवकांना लागू नाही. त्यांच्यासाठी महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, १९८६ आहे. अपात्रतेचं प्रकरण चालतं ते विभागीय आयुक्तांपुढे, म्हणजे ठाणे-नवी मुंबईसाठी सीबीडी बेलापूरच्या कोकण भवनात. निवडणुकीनंतर पक्षाच्या नगरसेवकांच्या गटाची नोंदणी जिथे केली तेच हे ठिकाण. पालिका आयुक्त आणि विभागीय आयुक्त यांत गल्लत करू नका : राजीनामा पहिल्याकडे, अपात्रतेची तक्रार दुसऱ्याकडे.

या कायद्यात अपात्रतेची मुख्य कारणं दोन. व्हिप, म्हणजे पक्षाचा मतदानाचा आदेश, मोडून मतदान करणं, आणि स्वेच्छेने पक्ष सोडणं. दुसऱ्यासाठी पक्षाला लेखी राजीनामा दिलेलाच असला पाहिजे असं नाही. वागण्यावरूनही पक्ष सोडल्याचा निष्कर्ष निघतो, हे सर्वोच्च न्यायालयाने रवी नाईक प्रकरणात १९९४ मध्येच सांगितलं. निकाल दहाव्या परिशिष्टावरचा आहे, पण शब्दरचना तीच असल्याने तो इथेही वापरला जातो. दुसऱ्या पक्षाच्या मंचावर उपरणं गळ्यात घालून काढलेला फोटो, फेसबुकवर टाकलेलं ‘नवी सुरुवात’, हा सगळा पुरावा असतो.

म्हणून क्रम असा : आधी आयुक्त कार्यालयात सदस्यपदाचा राजीनामा आणि आवक शिक्का, नंतर जुन्या पक्षाला पत्र, त्यानंतर नव्या पक्षात प्रवेश. तिन्ही गोष्टी एकाच दिवशी झाल्या तरी चालतील, फक्त मागेपुढे व्हायला नकोत. २०२० च्या सुरुवातीला नवी मुंबई महापालिकेची मुदत संपायला काही महिने उरले असताना काही नगरसेवकांनी असंच आधी आयुक्तांकडे राजीनामे दिले आणि मग पक्ष बदलले.

राजीनामा दिला की जुनं सगळं धुऊन निघतं, हा मात्र भ्रम आहे. राजीनाम्याच्या आधी व्हिप मोडला असेल किंवा तक्रार आधीच दाखल असेल, तर ती राजीनाम्याने आपोआप मिटत नाही. कर्नाटकात २०१९ मध्ये सतरा आमदारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच धरलं : राजीनामा दिला म्हणून आधीच्या कृत्याची अपात्रता टळत नाही. मात्र पूर्ण मुदत संपेपर्यंत त्यांना निवडणुकीपासून रोखण्याचा अध्यक्षांचा आदेश त्याच निकालाने रद्द झाला. तेव्हा पत्र देण्याआधी कोकण भवनात ताईंच्या नावे काही दाखल आहे का, याची चौकशी करून ठेवा. राखीव जागेवर निवडून आला असाल आणि जातवैधता प्रमाणपत्राचं प्रकरण समितीपुढे असेल, तर तेही राजीनाम्याने गुंडाळलं जाईल असं समजू नका. पडताळणी दाखल्याची असते, पदाची नव्हे. अनधिकृत बांधकामाच्या तक्रारीचंही तसंच. घरावरची नोटीस तुम्ही माजी झालात म्हणून मागे घेतली जात नाही.

‘दोन तृतीयांश सोबत आले तर राजीनामा कशाला’ असंही कोणी सुचवेल. विलीनीकरणाची ती वाट कायद्यात आहे, पण ती गटाच्या दोन तृतीयांश सदस्यांची आहे. एकट्या ताईंच्या उपयोगाची नाही.

सभागृहाचं गणित

ठाण्यात १३१ जागा, नवी मुंबईत १११. ठाण्यात पूर्ण सभागृहाचं बहुमत ६६. एक जागा रिकामी झाली तर १३० पैकी बहुमत ६६ च राहतं, दुसरी रिकामी झाली तर ते ६५ वर येतं. नवी मुंबईत ५६, मग पुन्हा ५६, मग ५५. प्रत्यक्षात हिशेब हजर राहून मतदान करणाऱ्यांचा असतो, पण काठावरच्या सभागृहात संख्या सम झाली की बरोबरीचा धोका उभा राहतो. याशिवाय पक्षांच्या तौलनिक संख्याबळावर स्थायी समितीतल्या जागा आणि स्वीकृत सदस्यांचे कोटे ठरतात. म्हणून गटनेता ‘ताई, निदान स्थायीच्या नेमणुका होईपर्यंत थांबा’ म्हणतो तेव्हा त्याला ताईंची काळजी नसते, कोट्याची असते. थांबायचं की नाही हे ठरवताना हे लक्षात असू द्या.

पोटनिवडणूक आणि पुन्हा उभं राहणं

जागा रिकामी झाल्याचं पालिका प्रशासन राज्य निवडणूक आयोगाला कळवतं आणि पोटनिवडणुकीचा कार्यक्रम आयोग ठरवतो. मुदत संपायला थोडेच महिने उरले असतील तर पोटनिवडणूक होत नाही. ताईंच्या बाबतीत तो प्रश्न नाही, पाच वर्षांतला मोठा भाग बाकी आहे. राजीनामा देऊन त्याच जागेवर नव्या चिन्हावर पुन्हा उभं राहता येतं. जागेचं आरक्षण तेच राहतं, म्हणजे महिला राखीव जागा महिलेसाठीच. निवडून आलं तर उरलेल्या मुदतीपुरतंच.

पण चार सदस्यांच्या प्रभागात पोटनिवडणूक महाग पडते, हे फार कमी जण आधी मोजतात. ब जागा एकच असली तरी मतदान अख्ख्या प्रभागात होतं. २०११ च्या जनगणनेत ठाणे पालिकेची लोकसंख्या १८.४१ लाख आणि नवी मुंबईची ११.२० लाख होती, आणि प्रभागरचना त्याच आकड्यांवर झाली आहे. चार जागांच्या प्रभागाची सरासरी ठाण्यात सुमारे ५६ हजार आणि नवी मुंबईत सुमारे ४० हजार लोकसंख्या येते, प्रत्यक्षातली वस्ती आज त्याहून जास्तच. सार्वत्रिक निवडणुकीत चार उमेदवारांचं पॅनल मिळून हा प्रभाग पिंजून काढतं, खर्च आणि कार्यकर्ते वाटले जातात. पोटनिवडणुकीत तेवढाच प्रभाग एकटीने फिरायचा. आणि पॅनलमधले जुने तीन सहकारी आता समोरच्या बाजूला असतात, त्यांच्याकडे नगरसेवकपद असतं आणि ताईंकडे नसतं. त्यामुळे नव्या पक्षाशी बोलताना उमेदवारीच्या आश्वासनासोबत या खर्चाचं आणि माणसांचं बोलणं आधीच करून घ्या.

उमेदवारीचं आश्वासन म्हणजे उमेदवारी नव्हे, हेही सांगायला हवं. २०१९ चं ऐरोलीचं उदाहरण समोर आहे. तिथले राष्ट्रवादीचे आमदार संदीप नाईक यांनी जुलै २०१९ च्या अखेरीस आमदारकीचा राजीनामा देऊन भाजपमध्ये प्रवेश केला. विधानसभेची मुदत संपायला तीनेक महिने होते, त्यामुळे पोटनिवडणूक झाली नाही. ऑक्टोबरच्या निवडणुकीत बेलापूरची उमेदवारी मंदा म्हात्रे यांच्याकडे राहिली आणि ऐरोलीतून त्यांच्याऐवजी त्यांचे वडील गणेश नाईक उभे राहिले. त्याच महिन्यात साताऱ्यात खासदारकीचा राजीनामा दिलेल्या उदयनराजे भोसले यांना पोटनिवडणुकीला सामोरं जावं लागलं आणि ते हरले. तिथे मुदत साडेचार वर्षांहून जास्त उरली होती.

आमदार-खासदारांचं वेगळं, थोडक्यात

विधानसभा सदस्याने राजीनामा स्वतःच्या सहीनिशी लेखी अध्यक्षांना द्यायचा आणि तो स्वीकारला गेला की जागा रिकामी होते, असं घटनेच्या कलम १९० मध्ये आहे. १९७४ च्या ३३ व्या घटनादुरुस्तीनंतर, राजीनामा स्वेच्छेचा किंवा खरा नाही असं चौकशीअंती वाटलं तर अध्यक्षांनी तो स्वीकारायचा नसतो. लोकसभेत अध्यक्षांनी स्वीकारेपर्यंत तो मागे घेता येतो. पोटनिवडणूक सहा महिन्यांच्या आत, पण उरलेली मुदत एक वर्षापेक्षा कमी असेल तर नाही, ही १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याची अट. आमदार खासदार झाला तर राजपत्रात प्रसिद्धी झाल्यापासून चौदा दिवसांत आमदारकी सोडावी लागते, नाही तर खासदारकी जाते. नगरसेवक आमदार झाला तर मात्र असं काही आपोआप होत नाही. मुंबईत दोन्ही पदं एकत्र सांभाळणारे अनेक जण होऊन गेले.

मुख्यमंत्री राजीनामा देतात तो राज्यपालांना. त्याचे परिणाम किती दूर जातात, हे जून २०२२ मध्ये दिसलं. उद्धव ठाकरे यांनी बहुमत चाचणीला सामोरं न जाता २९ जूनला राजीनामा दिला. पुढे ११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने राज्यपालांचा चाचणीचा निर्णय चुकीचा ठरवला, पण ठाकरे यांनी स्वतःहून राजीनामा दिलेला असल्याने त्यांचं सरकार परत आणता येत नाही, असंही सांगितलं. पदावर राहून हरलेली लढाई न्यायालयात पुन्हा लढता आली असती. राजीनामा दिल्यावर ती वाट उरत नाही. ताईंविरुद्ध पक्षाने अन्याय केला असेल आणि त्याविरुद्ध दाद मागायची असेल, तर ती पत्र देण्याआधी मागा.

अर्धवट कामं आणि कार्यालय

प्रभाग सुधारणा निधीतल्या कामांची यादी करून प्रत्येक कामापुढे ते कोणत्या टप्प्यावर आहे ते लिहा. कार्यादेश निघालेलं काम थांबत नाही, ठेकेदाराशी करार पालिकेचा असतो, ताईंचा नाही. निविदा निघाली असेल तर ते बहुधा पुढे जातं. पण फक्त शिफारसपत्र दिलंय, अंदाजपत्रक व्हायचंय किंवा प्रशासकीय मान्यता बाकी आहे, अशी कामं कोपऱ्यात पडतात. कनिष्ठ अभियंत्याला तगादा लावणारं कोणी उरत नाही. राजीनाम्याच्या आधीच्या आठवड्यात अशा कामांच्या फाइल कुठल्या टेबलावर आहेत ते बघून, त्यातली अगदी निकडीची, म्हणजे गटार, संरक्षक भिंत, शाळेची गळती, प्रभागातल्या दुसऱ्या एखाद्या सदस्याच्या शिफारसपत्रावर वळवता येतात का ते पाहा. पक्ष वेगळा असला तरी विचारा. श्रेय जाईल, काम होईल.

कार्यालयात सगळ्यात धोक्याची वस्तू म्हणजे सही-शिक्का करून ठेवलेले कोरे कागद. रहिवासाचे दाखले, शाळाप्रवेशाची पत्रं, आणि विशेषतः आधारच्या नोंदणी व दुरुस्तीसाठीचे ठरावीक नमुन्यातले दाखले. त्यांवर नगरसेवकाची सही चालते आणि ते तारखेपासून तीन महिने वापरता येतात, म्हणून ताई बाहेर असताना लोकांची अडचण नको म्हणून गठ्ठा सही करून ठेवलेला असतो. राजीनाम्यानंतरच्या तारखेचा एकही दाखला त्यातून बाहेर गेला तर तो पद नसताना दिलेला दाखला ठरतो, आणि उत्तर ताईंना द्यावं लागतं. राजीनाम्याच्या आदल्या रात्री तो गठ्ठा फाडून टाका, दिलेल्या दाखल्यांची वही बंद करून शेवटच्या नोंदीखाली तारीख टाका, शिक्के आणि ओळखपत्र सचिव कार्यालयात पोच घेऊन जमा करा. पालिकेने दिलेली इतर कोणतीही वस्तू असेल तर तीही त्याच पोचपावतीवर लिहून द्या. कार्यालयावरच्या पाटीत ‘माजी’ शब्द त्याच संध्याकाळी आला पाहिजे. पोटनिवडणूक लागली आणि आचारसंहिता सुरू झाली की जुन्या पाटीचा फोटो काढून तक्रार करणारा माणूस तुमच्याच पॅनलमधला असतो.